घोटणाऱ्या हातांचं पान



गेले कित्येक महिने या सदरात आम्ही अधूनमधून लिहीत आलो, की मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक चाललं आहे. काहींनी पत्रातून विचारलं, भेटीत विचारलं, की बत्तीस पानांना एवढा वेळ कशाला लागतो? एका भगिनीने तर लिहिलं, "एवढ्यात माझं पोर पाळण्यातून शाळेत गेलं." तिचं खरं होतं. अल्हम्दुलिल्लाह, गेल्या महिन्यात पुस्तक छापायला गेलं. पण जे पुस्तक गेलं ते आम्ही सुरू केलेलं नव्हतं. मधे काय घडलं ते आज सांगायचं आहे. त्यात आमची एक चूक आहे, आणि ती लपवण्यासारखी नाही.

नव्या वाचकांसाठी सांगतो. आम्ही दोघी नणंद-भावजय. भाभी जुन्नरला, आपा लग्न होऊन मंचरला. भाभी लिहिते, आपा चित्रं काढते. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, तेवढं एका माणसाचं काम करायला आम्हाला दोघी लागतात. नारायणगावला एसटी बदलून जुन्नर-मंचर अशा किती खेपा झाल्या त्याचा हिशेब आम्ही सोडून दिला आहे.

पुस्तकाची सुरुवात एका लोखंडी पेटीतून झाली. जुन्नरच्या घरी साफसफाई चालली होती, तेव्हा वाटणीचा एक जुना कागद निघाला. मोडीतला. आम्हाला एक अक्षर वाचता आलं नाही. कडा झिजलेल्या, रंग पिवळा पडलेला, पण बोट फिरवलं तर गुळगुळीत. शाई कुठेही फुटलेली नव्हती. घरातल्या आठ वर्षांच्या पोरीने विचारलं, "हा कागद कुठल्या कंपनीचा?" दादी पलंगावरून म्हणाली, "तेव्हा कंपनी कुठली? कागद तर जुन्नरातच व्हायचा."

आमच्यातली एक जुन्नरातच वाढली, दुसरी जुन्नरात नांदते. तरी आम्हाला हे अर्धवटच ठाऊक होतं. शिवनेरी ठाऊक होता, लेण्याद्री ठाऊक होता, हापूसबागेतला सौदागर घुमट ठाऊक होता. कागद मात्र दुकानातून येतो एवढंच ठाऊक होतं.

मग शोधाशोध सुरू झाली. जुन्नरला कागद करणारे लोक मुसलमान, त्यांना कागदी किंवा कागझी म्हणत. मराठी दप्तरांत दौलताबादी, बाळापुरी अशा कागदांबरोबर जुन्नरी कागदाचं नाव येतं. पेशवाईत इथले काही कागदी पुण्याला गेले. कसब्यातला कागदीपुरा त्यांचाच. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हाताचा कागद मागे पडला. गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीने त्याला पुन्हा उभारी देण्याचा प्रयत्न केला, पुण्यात १९४० साली हातकागद संस्थाही निघाली. जुन्नरातला धंदा मात्र गेला तो गेलाच. मोहल्ल्यातल्या पोरांना आज 'कागदी' हे फक्त आडनाव वाटतं.

आमच्या डोक्यात गोष्ट लगेच तयार झाली. एक मुलगा, त्याचा अब्बा कागद करणारा. जुनी सुतळी, चिंध्या, रद्दी गोळा होते. चुन्याच्या पाण्यात भिजते, पायाने चालवायच्या मुसळाने कुटली जाते, नदीवर धुतली जाते. मग तो लगदा हौदाच्या पाण्यात कालवायचा आणि गवताच्या बारीक काड्यांची जाळी त्यात बुडवून अलगद वर उचलायची. पाणी गळून जातं आणि जाळीवर सायीसारखा पातळ थर राहतो. तोच कागद. तो दाबून पाणी काढायचं, भिंतीला चिकटवून वाळवायचा, त्याला खळ लावायची, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरू अडखळत नाही आणि शाई पसरत नाही. शेवटी अब्बा आणि मुलगा गठ्ठा घेऊन पुण्याला जातात आणि तिथल्या दप्तरात कारकून त्यावर पहिलं अक्षर लिहितो. संपली गोष्ट. चांगली होती की नाही? आम्हालाही वाटली.

भाभीने पहिला खर्डा केला तो दोन हजार शब्दांचा. आपाने तो वाचला आणि म्हणाली, "भाभी, हे सगळं तूच सांगितलंस तर मी काय काढू?" त्या दिवशी थोडा रुसवाही झाला. भाभीच्या एका वाक्यात सकाळची थंडी होती, कुकडीचं झोंबणारं पाणी होतं, गुडघाभर पाण्यात उभा राहून लगदा धुणारा अब्बा होता, त्याचे लाल झालेले पाय होते. आपाने तेच चित्र काढून समोर ठेवलं. चित्रात थंडी होती, पाणी होतं, लाल पाय होते. वाक्याला करायला काही उरलं नव्हतं. मग ते असं झालं: "पाणी गार होतं. अब्बा हसला." हसणं चित्रात नव्हतं, कारण अब्बा पाठमोरा होता. चित्र जे सांगू शकत नाही तेवढंच शब्दाने सांगायचं, हे आम्ही असं शिकलो. दोन हजार शब्दांचे चारशे झाले. एकेक शब्द काढताना भाभीला दात काढल्यासारखं व्हायचं, आणि काढल्यावर बरंही वाटायचं.

मधे एक प्रश्न घरातूनच आला, तो टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्या एका बुजुर्ग नातेवाइकांनी विचारलं, "मुलांच्या हातात सजीवांच्या तसबिरी देणं ठीक आहे का?" या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच. काहीजण सजीवांचं चित्र सरसकट मना करतात. काहीजण मुलांच्या शिक्षणापुरती मोकळीक देतात आणि हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांची रिवायत दाखवतात. त्या बाहुल्यांत पंख असलेला एक घोडाही होता, आणि प्रेषितांनी (स.) तो पाहून रागावण्याऐवजी हसून घेतलं. आम्ही फतवा देणाऱ्या नाही. आम्ही दोघींनी इस्तिखारा केला, जाणत्यांना विचारलं, आणि नियत साफ ठेवून काम पुढे नेलं. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी आमचं भांडण नाही. त्या बुजुर्गांनी पुढे आमच्यासाठी दुआही केली.

पुस्तकाची डमी तयार झाली. डमी म्हणजे कच्ची प्रत: पानं दुमडून, शिवून, चित्रं डकवून केलेली. छापखान्याचा एक फॉर्म सोळा पानांचा, म्हणून आमची पानं दोन फॉर्म, बत्तीस. एक पान वाढवायचं म्हटलं तर वाढत नाही. ती डमी घेऊन आधी घोडेगावला गेलो आणि एका शाळेत वाचली. मुलांनी आम्ही कधी विचारही केला नव्हता असे प्रश्न विचारले. "ओला कागद भिंतीवरून खाली कसा पडत नाही?" "माशी बसली तर?" आणि मागच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, "आमच्या आजोबांचं घर डिंभ्याच्या पाण्यात आहे. त्याचं पण चित्र काढा ना." तुम्हाला माहीतच असेल, जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्या गावाचं, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावला. त्या मुलाला आम्ही म्हटलं, "बेटा, पुढच्या पुस्तकात." आणि हसून पान उलटलं. ते हसणं नंतर आम्हाला बोचलं.

मग जुन्नर. छापखान्याची तारीख ठरली होती. रमजान ईदेच्या आधी पुस्तक हातात यायचं होतं, ओळखीच्या सगळ्या पोरांना ईदी म्हणून पुस्तकच द्यायचं असा आमचा बेत होता. फक्त एकदा कुणा जुन्या माणसाला दाखवून घ्यावं म्हणून मोहल्ल्यातल्या एका खालांकडे गेलो. त्यांच्या आजोळी कधीकाळी कागदाचं काम होतं. त्यांनी स्वतः ते पाहिलेलं नाही, आईकडून ऐकलेलं. खालांनी चष्मा लावला, डमी मांडीवर घेतली आणि एकेक पान सावकाश पाहिलं. नदीच्या चित्रापाशी थांबल्या. हौदापाशी थांबल्या. शेवटचं पान झालं तशी पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागल्या. आम्हाला वाटलं, आवडलं. मग त्या म्हणाल्या,

"सब अच्छा है बेटा. पन औरतां कां हैं?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. बत्तीस पानांत एक बाई होती. ती दारात उभी राहून पुण्याला निघालेल्या अब्बाला निरोप देत होती.

खालांनी मग हातातली तसबीह बाजूला ठेवली, चटईवर उजवा हात टेकवला आणि घोटण्याची कृती करून दाखवली. पूर्ण खांदा पुढे, मग मागे. पुन्हा पुढे. "मेरी अम्मीने उनकी नानीका ऐसा दिखाया था," त्या म्हणाल्या. हौदातून कागद उचलायचं काम पुरुषांचं, ते जड काम. पण ओला कागद भिंतीला लावणं, वाळल्यावर न फाटता सोडवणं, खळ लावणं आणि घोटणं, ह्याला त्यांच्या आजोळी घरातल्या बायका आणि पोरं असत. त्या नानीचा उजवा खांदा म्हातारपणी वर होत नसे. घोटून घोटून गेला होता. नमाजीला तकबीर म्हणताना एक हात कानापर्यंत जायचा आणि दुसरा अर्ध्यात राहायचा.

आम्ही विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

खालांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "नाम? सब उनको नानीच बोलते थे."

परत येताना आम्ही दोघी काहीच बोललो नाही. रात्री इशानंतर फोनवर मात्र वाद झाला. भाभी म्हणाली, "तारीख ठरली आहे, आगाऊ पैसे दिले आहेत. एक चित्र बदलू, एक बाई घोटताना दाखवू." आपा म्हणाली, "बत्तीस पानांत एका पानावर बाई आणून बसवली तर ती पाहुणी दिसेल." भाभीने म्हटलं, "मग काय, पुस्तक पुन्हा करायचं?" आपा गप्प राहिली. तेच तिचं उत्तर होतं.

त्याच आठवड्यात आम्हाला एका दुसऱ्या चित्रांच्या पुस्तकाची आठवण झाली. ते साडेचारशे वर्षांपूर्वीचं आहे आणि पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. अहमदनगरच्या निजामशाहीतलं. ही निजामशाही आपल्या जुन्नरातूनच उगवली. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र कारभार सुरू केला तो जुन्नरला, अहमदनगर वसवलं ते नंतर. त्याच घराण्यातला हुसेन निजामशाह. आफताबी नावाच्या कवीने त्याच्या स्तुतीचं फारसी काव्य लिहिलं, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. १५६५ मध्ये विजयनगराशी जी मोठी लढाई झाली तिचं वर्णन त्यात आहे. आणि त्यात डझनभर चित्रं आहेत, दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांतली. गो. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ते संपादित केलं आणि मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. आम्ही ती चित्रं छापलेली पाहिली आहेत.

कवीने नुसती सुलतानाची स्तुती केलेली नाही, त्याच्या बेगमेचीही केली आहे. तिचं नाव खुंजा हुमायून. आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या चांदबीबीची ही आई. हुसेन निजामशाह १५६५ मध्येच वारला, मुलगा मुर्तजा लहान होता, म्हणून काही वर्षं तिनेच राज्य चालवलं. मुलगा मोठा झाला आणि त्याने तिला बाजूला करून कैदेत टाकलं. आज त्या चित्रांत सुलतान सिंहासनावर आहे, दासी आहेत, सेवक आहेत, आणि सुलतानाजवळ जिथे बेगम असायला हवी तिथे पुसटलेला डाग आहे. ती सत्तेवरून गेल्यावर तिची आकृती मुद्दाम पुसली गेली, असं अभ्यासक मानतात. ह्यात दीन नव्हता. तसं असतं तर दासीही पुसल्या असत्या. पुसली फक्त तीच, जिने राज्य केलं.

दुसरी आठवण तर आमच्या तालुक्यातलीच. नाणेघाट. पावसाळ्यात तिथे सगळा पुणे जिल्हा लोटतो, पण घाटमाथ्याच्या गुहेत किती जण जातात? तिथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. मागच्या भिंतीवर एकेकाळी त्या राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आता मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या, आणि वर कोरलेली नावं राहिली. राणीचंही नाव त्यात आहे. नाणेघाटात नाव उरलं, आकृती गेली. खालांच्या घरी उलट झालं. नानीचं नाव गेलं, पण खांदा कसा हलायचा ते उरलं, आईच्या हातून लेकीच्या हातात.

आणि आमच्या पुस्तकात? खुंजा हुमायूनला पुसायला कुणाला तरी हात उचलावा लागला. आम्हाला तेवढेही कष्ट पडले नाहीत. कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. दोन बायकांनी मिळून बायकांच्या कामाचं पुस्तक केलं आणि त्यात बायका काढल्याच नाहीत. पुसायला आधी काढावं तरी लागतं.

हे असं का झालं, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कारण बाहेर सापडलं नाही, आमच्या स्वयंपाकघरात सापडलं. आपाचा चित्रं काढायचा पाट दिवाणाखाली असतो. पाहुणे आले की पाट आत, चहा बाहेर. भाभीची वही डब्यांच्या फळीवर. कुणी विचारलं, "काय चाललंय?" तर आम्ही दोघी म्हणतो, "काही नाही, असंच बसल्या बसल्या." घरातल्यांनी आम्हाला कधी अडवलं नाही, उलट साथच दिली. पण आमच्याच मनात एक तराजू होता. ज्याच्याखाली सही होते ते काम, आणि ज्याच्याखाली सही होत नाही ते "असंच". कारकुनाचं अक्षर काम, अब्बाचा गठ्ठा काम. घोटणं? ते तर घरातलं. आम्ही ते दुसऱ्याच्या घरातही पाहिलं नाही, कारण स्वतःच्या घरात कधी मोजलं नव्हतं.

आणि खरं पाहा, घोटल्याशिवाय कागदाचं काय होतं? बोरू तंतूंत अडकतो, शाई पसरते, अक्षर फुटतं. पेटीतल्या त्या वाटणीच्या कागदावरचं अक्षर आज इतक्या वर्षांनी स्वच्छ दिसतं, त्यात लिहिणाऱ्याइतकाच घोटणाऱ्याचा हात आहे. लिहिणाऱ्याने आपलं नाव लिहिलं असेल. घोटणाऱ्याने तर आपलं काम इतकं चांगलं केलं, की ते दिसूच नये. आपल्या दीनमध्ये पहिल्या वहीची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने होते आणि तिथेच कलमाचा उल्लेख येतो. कलमाचा मान आपण लहानपणापासून शिकलो. कलम ज्याच्यावर चालतं त्याचा मान करायला आम्हाला एका खालांनी शिकवलं.

तारीख रद्द केली. आगाऊ दिलेल्या पैशांतले काही गेले. ईदीला पोरांना पुस्तक मिळालं नाही, नेहमीप्रमाणे नोटाच मिळाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आम्हाला वाटलं.

मग पुस्तक पुन्हा केलं. नवी बाई घालायची नाही, कागदाच्या मागे जायचं, असं ठरवलं. आधीच्या पुस्तकात आपण अब्बाच्या मागे मागे जात होतो, म्हणून अब्बा जिथे जात नाही तिथे आपणही जात नव्हतो. आता एकच कागद घेतला आणि तो कुणाकुणाच्या हातांतून जातो ते पाहत गेलो. नदीवर अब्बाचे हात. भिंतीपाशी अम्मीचे. खळीच्या भांड्याशी फुफूचे. घोटायच्या फळीपाशी दादीचे, आणि दादी थकली की मुलीचे. गोष्टीतला मुलगा आहेच, पण आता त्याला एक बहीण आहे, आणि "चमक कुठून येते?" हा प्रश्न ती विचारते. घोटण्याचं चित्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलं आहे. दादीचा खांदा एका पानावरून सुरू होतो आणि हात दुसऱ्या पानापर्यंत पोहोचतो. त्या पानावर एकही शब्द नाही. भाभीने तिथे लिहिलेली सात वाक्यं स्वतःच्या हाताने खोडली, आणि ह्या वेळी दात काढल्यासारखं झालं नाही.

बारा चित्रं नव्याने काढावी लागली. घोटण्याचं चित्र आपाने तीनदा काढलं. दोनदा दादीचा हात सुंदर आला, पण तो काम करणारा वाटेना, मेंदी लावायला पुढे केल्यासारखा वाटे. मग जुन्नरला येऊन तिने खालांना पुन्हा ती कृती करून दाखवायला सांगितली. ह्या वेळी कागद नाही, पेन्सिल नाही, नुसतं शेजारी बसून स्वतः करून पाहिलं. पाच मिनिटांत खांदा भरून आला. दुसऱ्या दिवशी मंचरला जाऊन काढलेलं चित्र तेवढं खरं उतरलं.

शेवटही बदलला. पुण्याच्या दप्तरातला कारकून कागदावर हात फिरवतो आणि म्हणतो, "वा! कुणी घोटला?" अब्बा काही बोलायच्या आत तो लिहायला लागतो. कारकुनाला कळत नाही. पण पुस्तक वाचणाऱ्या पोराला माहीत असतं. मोहल्ल्यातल्या मुलांना हे वाचून दाखवलं तेव्हा कारकुनाच्या प्रश्नावर सगळी पोरं एकदम ओरडली, "दादीने! आणि त्या मुलीने!" खाला कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त चष्मा काढून पदराने पुसला.

पुस्तक संपल्यावर मोठं समाधान मिळतं, असं आम्ही ऐकलं होतं. मिळालंही. पण त्याहून जास्त हिशेब मिळाला. श्रेयाच्या पानावर नावं लिहायची वेळ आली तेव्हा आम्ही मोजायला बसलो. शेवटच्या महिन्यात दोन्ही घरांचा स्वयंपाक कुणी सांभाळला? सासूबाईंनी, आणि त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं होतं तरी. रंग सुकेपर्यंत मांजर खोलीत येऊ नये म्हणून दारात कोण बसलं? मधली पोरगी. पहिल्या छपाईत नदीचा निळा फार गडद आला, तेव्हा न कंटाळता चार वेळा यंत्र थांबवणारा छापखान्यातला मुलगा कोण? ही सगळी घोटणारी माणसं. त्यांच्यावाचून आमचं अक्षर फुटलं असतं. पूर्वी आम्हाला वाटायचं, की घरकाम आटोपलं की मग निर्मितीचं काम सुरू होतं. आता वाटतं, निर्मितीचं काम कुठे सुरू होतं ते आपल्याला नीट सांगताच येत नाही, आणि ते एकटीचं तर कधीच नसतं. श्रेयाच्या पानावर आम्ही सगळ्यांची नावं दिली. एका जागी फक्त "नानी" एवढंच लिहिलं.

आणि घोडेगावच्या त्या मुलाचं घर? तो मागच्या ओळीतून आम्हाला तेच सांगत होता जे खाला सांगत होत्या: जे काढलं नाही ते बुडतं. तेव्हा आम्हाला ऐकू आलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या आजोबांबरोबर डिंभ्याच्या काठावर जायचं ठरवलं आहे. दुसरं पुस्तक होईल न होईल, इन्शाअल्लाह, त्या घराचं एक चित्र तरी होईल.

पुस्तकाचं शेवटचं पान आम्ही कोरं ठेवलं आहे. त्यावर फक्त एक ओळ आहे: तुमच्या घरात कुणाच्या हाताने काय होतं, ते इथे काढा. तुम्ही आमच्या पुस्तकाची वाट पाहू नका. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. दादी असो, नानी असो, शेजारची मावशी असो. त्यांना विचारा, "तुम्ही हाताने काय काय केलं?" आधी त्या म्हणतील, "काही नाही." आम्हीही तेच म्हणतो. मग म्हणा, "करून दाखवा." आणि सगळ्यात आधी त्यांचं पूर्ण नाव विचारून लिहून ठेवा.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या हातांना बरकत देवो, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्याही. आमीन.